दवाखान्यात नेलेलं स्वयंपाकघर

अकरा जानेवारी, शनिवार. त्या दिवशी एकच काम हाती होतं. गावी जायचं आणि जावेच्या स्वयंपाकघराचे सहाशे फोटो काढायचे.

सिंदी मेघेहून निघाले तेव्हा पिशवीत कॅमेरा, तीन बॅटऱ्या, तिपाई आणि दोन फुटांची लाल-पांढरी पट्टी होती. मी तंत्रनिकेतनात सर्वेक्षणाची प्रयोगशाळा सांभाळते. जमीन मोजणं, उंचसखल काढणं, नकाशे करणं हे मुलांना शिकवण्यात बावीस वर्षं गेली. फोटोंवरून मोजणी करायची पद्धत आम्ही शेतांना आणि रस्त्यांना वापरतो. एकाच जागेचे वेगवेगळ्या बाजूंनी भरपूर फोटो घ्यायचे. संगणक त्यांतल्या सारख्या खुणा जुळवतो आणि ती जागा लांबी-रुंदी-उंचीसकट उभी करतो. हेच खोलीचं केलं आणि डोळ्यांवर हेडसेट चढवला, की माणूस त्या खोलीत उभा असल्यासारखं पाहू शकतो. हे मला माहीत होतं. खोलीचं मी कधी केलेलं नव्हतं.

जाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. घरी भाजीची शेती. वांगी, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. ऑगस्टमध्ये भाजीच्या गाडीवर गोणी चढवताना तोल जाऊन ती गाडीवरून पाठीवर पडली. मणक्याला मार लागला आणि पायांत पुन्हा जोर आला नाही. पाच महिने ती वर्ध्याच्या दवाखान्यात होती. जानेवारीअखेर सुट्टी मिळणार होती, चाकांच्या खुर्चीसकट.

भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या मोठ्या भावांनी, घरी सगळं ठरवून टाकलं होतं. समोरच्या खोलीत पलंग, त्याला लागून संडास, आणि स्वयंपाकघर सुनेकडे. गवंडी एकोणीस तारखेला येणार होता. हे कळलं त्या दिवशी जाऊ मला म्हणाली, "लहाने, मले घरी नेऊच नका. इथंच कुठं ठेवा." का, ते सांगेना. भासऱ्यांनी विचारलं की "तुमी कराल ते" म्हणून भिंतीकडे तोंड करायची.

मी तिला स्वयंपाकघराचा नकाशा काढून दाखवला. खुर्ची कुठून वळेल, ओटा किती उंच आहे, सगळं मापात. तिने कागद उलटसुलट केला.

"ह्या रेघा हायत," ती म्हणाली. "माह्यं घर कुठं हाय याच्यात?"

तिला गावी नेऊन प्रत्यक्ष दाखवता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण पाठीला पडून पडून जखम झाली होती, गाडीचे हादरे डॉक्टरांनी मना केले होते. सुट्टी झाल्यावर एकदाच न्यायचं, तेही ॲम्ब्युलन्समधून, कायमचं. तोवर गवंडी काम करून मोकळा झाला असता. म्हणून मी ठरवलं की स्वयंपाकघरच तिच्याकडे न्यायचं.

दारात पाय ठेवला आणि रंगाचा वास आला. स्वयंपाकघराच्या चारही भिंती पांढऱ्याशुभ्र. मांडणीवरचे गंज म्हणजे पातेली, ताटं, डबे असे चकाकत होते की खिडकीचा उजेड डोळ्यांत घुसत होता. सून पदराने हात पुसत उभी होती.

"काकू, कसं वाटते?"

मागून भासरे आले. ते माझ्याशी थेट बोलत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी मोठ्या दिराने बोलू नये, अशी आमच्याकडची जुनी रीत. चोवीस वर्षं ते कोणाच्या तरी मार्फत बोलत आले. कोणी नसलं तर भिंतीशी, बैलाशी, आणि मी ऐकत असते.

"सूनबाई, काकूले सांग," ते म्हणाले, "फोटो काढाले कोणी येऊन राह्यलं तं घर असं दिसलं पाह्यजे. लग्नात तरी आपण फोटोवाला आला की पडदे लावतोच ना?"

मी म्हटलं, चांगलं झालं. आणि कामाला लागले. बावीस वर्षं मोजणीत काढलेल्या बाईने तिथेच थांबायला हवं होतं. नवा रंग आणि स्वच्छ भांडी पाहून मलाही बरंच वाटलं, हे खरं. तीन तास मी ओट्यासमोर, मांडणीसमोर, दाराआडून, वाकून, खुर्चीवर चढून फोटो घेतले.

सोमवारी प्रयोगशाळेत ते संगणकाला दिले. तो दिवसभर घुरघुरत राहिला. संध्याकाळी जे पडद्यावर आलं त्यात जमीन होती, ओट्याचा अर्धा काळा दगड होता, खिडकीची चौकट होती. भिंती नव्हत्याच. मांडणीच्या जागी, बिघडलेला पाक चमच्याला लोंबावा तसं काहीतरी लोंबत होतं.

कारण साधं होतं. कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर संगणकाला धरायला एकही खूण नाही. एक जागा आणि तिच्या शेजारची जागा त्याला सारखीच. चकचकीत स्टीलचं दुखणं वेगळं: प्रत्येक बाजूने त्यात वेगळंच दिसतं. एका गंजाच्या पोटात तर मीच होते, कॅमेरा घेऊन, वाकडीतिकडी. खोली जितकी नटवली, तितकी ती हरवली. मळकी, वापरातली, भिंतींवर तेलाचे डाग असलेली असती तर पहिल्याच दिवशी आली असती.

सुनेला फोन केला.

"रंग कधी मारला?"

"आठ तारखेले. बाबा स्वतः उभे होते."

"अन् भांडे?"

"दोन दिवस घासून राह्यलो काकू. चिंच लावली, राख लावली, हात सोलले माहे."

"आता तेच भांडे मळवायचे हायत."

"बऱ्या हाय ना काकू तुमी?"

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुन्हा गेले. भिंतींवर चिकटवायला कागदी खुणा छापून नेल्या होत्या. पण चिकटपट्टी ओढून पाहिली तर तिच्यासोबत नव्या रंगाचं साल निघालं. तेवढ्यावर भासऱ्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी कागद हातात घेऊन उभी होते, तेव्हा सुनेने विचारलं, "टिकल्या चालन काय?"

हळदीकुंकवाला वाण म्हणून वाटायला तिने टिकल्यांच्या पाकिटांचा गठ्ठा आणला होता. लाल, मरून, काळ्या, हिरव्या. काही मोठ्या, काही मोहरीएवढ्या. मी एक भिंतीला लावून सोलून पाहिली. रंगाला काही झालं नाही. एवढी चांगली खूण मला बाजारात मिळाली नसती.

दोघी कामाला लागलो. थोड्या वेळाने मागे वळून पाहते तर सुनेने आपल्या वाट्याची भिंत ठिपक्यांच्या रांगोळीसारखी भरलेली. सात बाय सात, एकसारख्या रांगा, कोपऱ्यात फूलसुद्धा.

"अवं, अशा नाई! रांगा करू नको. सगळ्या सारख्या दिसल्या तं त्याले कोणती कोणती हे समजत नाई. जशा हातून पडन तशा लाव."

"वाकड्यातिकड्या?"

"वाकड्यातिकड्या."

"हातच जात नाई काकू वाकडा," ती म्हणाली, आणि खरंच तिला ते जड गेलं. शेवटी डोळे मिटून लावू लागली. मग भांडी. चुलीची राख पाण्यात कालवून एकेका गंजावर, डब्यावर फडक्याने फासली आणि वाळू दिली. दोन दिवसांची चकाकी वीस मिनिटांत गेली.

भासरे वावरातून आले. दारातच थबकले. भिंतींकडे पाहिलं, मांडणीकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "भिंतीले देवी आल्या काय?"

"काकूनं सांगतलं बाबा."

"अन् भांडे सुतकात बसवले."

मी खाली मान घालून बॅटरी बदलत होते. त्यांनी मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि आतल्या कोनाड्याला उद्देशून म्हणाले, "याच्यानं खोली फोटोत येईन म्हणतात तं येऊ द्या." आणि चपला न काढता परत वावरात गेले.

या वेळी मी कॅमेऱ्याची पातळी तीन वेळा बदलली. एकदा उभी राहून, एकदा कमरेएवढी वाकून, एकदा जमिनीवर बसून. प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर निम्म्याहून जास्त चढेल असा. लाल-पांढरी पट्टी ओट्यावर ठेवली, म्हणजे संगणकाला खरी लांबी कळावी. सहाशे चाळीस फोटो झाले.

शुक्रवारी सकाळी संगणकाचा पडदा सुरू केला आणि मी चहाचा कप हातात घेऊन उभीच राहिले.

आधी फक्त ठिपके होते, लाखो, रंगीत, काळ्यात तरंगणारे. पण ते ओटा होते, मांडणी होती, खिडकीतलं वाळत घातलेलं फडकं होतं. त्यांच्याभोवती हवेत छोटे छोटे निळे तुकडे टांगलेले. असा प्रत्येक तुकडा म्हणजे मी एक फोटो जिथून घेतला ती जागा. हे मी संगणकाला सांगितलेलं नव्हतं. त्याने सपाट फोटोंवरून ते ओळखलं होतं. मी कुठे उभी होते, कुठे वाकले, कुठे खाली बसले. दाराजवळ तुकड्यांची एक रांग अचानक खाली उतरली होती. तिथे मला सुनेची लुगडी टांगलेली दोरी लागली होती आणि मी मान खाली घातली होती, ते आठवलं. खोलीने माझी सगळी चाल लिहून ठेवली होती. मी मुलांना हे गणित फळ्यावर शिकवते. दोन बाजूंनी पाहिलं की अंतर कळतं, दोन रेषा जिथे छेदतात तिथे बिंदू. तरी त्या दिवशी ते गणित समोर उभं होतं आणि मला ते माहीत असूनही खरं वाटत नव्हतं.

दुपारी हेडसेट चढवला.

मी गावी होते. पाचशे चौरस फुटांच्या प्रयोगशाळेत, एका रिकाम्या टेबलाजवळ उभी राहून मी जावेच्या ओट्यासमोर होते. मान वर केली तर तुळई, खाली केली तर जमिनीतली तडा गेलेली फरशी. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि ओटा जवळ आला. खरंच जवळ. कढईच्या कडेवर जुना काळा थर होता, तो राखेतूनही दिसत होता. खिडकीत एक अर्धं लिंबू होतं. फोटो काढताना मला ते दिसलंही नव्हतं. मी गॅसचं बटण बंद आहे का हे पाहायला हात पुढे केला. हात कशालाच लागला नाही.

मग मी उंची बदलली. चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून जितके वर असतात, तितकी केली.

तीच खोली परकी झाली. ओट्याची कड माझ्या गळ्याशी आली. शेगडी भिंतीसारखी उभी. तिच्यावरच्या गंजात काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. तिखटामिठाच्या बरण्या तर कौलांत राहायला गेल्यासारख्या. उजवीकडे धान्याची कोठी एवढी मोठी की वाट उरली नव्हती. चोवीस वर्षं मी त्या खोलीत जातयेत होते. ती खोली किती उंच माणसांसाठी बांधली आहे, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. मी हेडसेट काढला आणि टेबलाशी बसले.

अठरा तारखेला, शनिवारी दुपारी, सगळं घेऊन दवाखान्यात गेले. जाऊ चाकांच्या खुर्चीत बसलेली. आधी अंबाडा सोडावा लागला, पट्टा बसेना.

"हा डबा डोळ्यावर बांधून काय आंधळी कोशिंबीर खेळाची काय?"

"थांबा बाई. दोन मिनिटं."

"काळं हाय सारं."

मी खोली सुरू केली. तिने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले.

"बाप्पा," ती हळूच म्हणाली. "माह्या घरात कोणं आणलं मले?"

"तुमी दवाखान्यातच हाय. डोळे तेवढे तिकडं गेले."

तिने मान डावीकडे नेली. उजवीकडे. मग हळूहळू वर. "तुळईले जाळं हाय. सूनबाई वरतं झाडतच नाई." मग, "अन् भिंतीले हे काय गोंदलं?"

"टिकल्या."

"टिकल्या! माह्या भिंतीले?" ती हसली. पोट हलेपर्यंत हसली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

मग ती हसायची थांबली. हात पुढे केला. काय घेते आहे ते मला संगणकाच्या पडद्यावर दिसत होतं. मिठाची बरणी. बोटं बरणीतून आरपार गेली. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"धरता येत नाई."

"नाई. पाहाचंच."

"शेगडी लय वरतं हाय, लहाने. भाजी करपली तं वासावरूनच समजन मले." ती मान पुढे काढून पाहत होती. "अन् इथून वळलं की कोठी आडवी येते. कोठी आधी बाहेर काढा लागन." आता ती बोलतच राहिली. हात हवेत फिरत होता, इथे उलथायचा सराटा, इथे पोळपाट, इथे पाण्याचा हंडा, बसल्या बसल्या हात पोचेल असा. मी वहीत टिपत होते.

तेवढ्यात भासरे डबा घेऊन आले. दार उघडल्याचा आवाज तिला आला नसावा. मी मान वर केली. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले, डबा हातातच. तिला ते दिसणं शक्य नव्हतं. ती गावी होती.

"एक सांगू काय तुले?" ती म्हणाली. "यायनं मले पलंग देला. मनापासून देला, मले माहीत हाय. पण मी पलंगावर बसून ताटाची वाट पाहू काय? सून वाईट नाई. पण माह्याच घरात, भूक लागली मले, असं मी तिले सांगू? पाय गेले ते गेले. हात तं हायत ना माहे? म्हणून म्हणते, घरी नेऊ नका. ह्या खोलीत मले पाव्हणी म्हणून नाई बसाचं." मग लगेच, "यायले सांगजो नको. त्यायचं मन मोडते."

मी सांगितलं नाही की ते तिथेच आहेत. सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

भासऱ्यांनी डबा खाली ठेवला. झाकण वाजलं.

"कोण आलं?" ती म्हणाली.

"तेच," मी म्हटलं.

तिने हेडसेट काढला नाही. मला वाटलं काढेल. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर ओट्याकडे पाहत राहिली. मग भासऱ्यांनी घसा खाकरला आणि खिडकीला विचारलं, "शेगडीचा ओटा किती उंचीवर पाह्यजे म्हणते?"

तिने उजवा हात हवेत आडवा धरला. तळवा खाली. जराही हलवला नाही. "इथं," ती म्हणाली.

पडद्यावर तिचा हात ओट्याच्या दगडाच्या बराच खाली होता. मी तिथे खूण केली, माप घेतलं. जमिनीपासून दोन फूट एक इंच. मोठ्याने वाचलं.

"अन् कोठी?" भासऱ्यांनी विचारलं.

"बाहेर," ती म्हणाली.

"पलंग?"

"पलंग राहू द्या. झोपाले लागन ना."

ते हसले नाहीत. पण खांदे खाली आले. मग ते वळले आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे पाहून बोलले. "गवंडी सकाळी येईन. मले हे इंचाफुटाचं समजत नाई. तुमी येता काय?"

"येतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने गावी गेले. सोबत सुतळी, निळीची पूड आणि पातळी पाहायची पाण्याची नळी. सुनेने आणि मी कोठीतली ज्वारी पोत्यांत भरली. भासऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी कोठी आडवी करून अंगणात काढली, त्यात दाराचा थोडा रंग गेला. मी दोन फूट एक इंचावर सुतळी ताणली, सुनेने दुसरं टोक धरलं, आणि नव्या पांढऱ्या भिंतीवर निळी रेघ मारली.

गवंडी नऊला आला. रेघेकडे पाहून म्हणाला, "बाई, एवढ्या खालतं ओटा कोण बांधते?"

"घरची मालकीण. फोडा."

त्याने छिन्नी काढली. मी त्याला थांबवलं, शेगडीची नळी सोडवली आणि सिलिंडर ओढत अंगणात नेला.